कोऱ्या चाचणीतल्या पायऱ्या

रविवार, २ नोव्हेंबर १९८६, बेळगाव

जुन्या वहीत तीन वर्षांची रडगाणी आहेत, म्हणून आज नवी वही काढली. काल माझी विद्यार्थिनी अंजना हिची प्रथिनाची साखळी पुरी झाली. एकवीस मणी. ल्युसीन आणि सेरीन या दोन अमिनो आम्लांचेच मणी, पण सातांचा तुकडा तीनदा जोडायचा आणि प्रत्येक जोडाला निम्मा माल वाया. तीन वर्षांच्या शेवटी हातात काय, तर बाटलीच्या तळाशी चिमूटभर पांढरी पूड. तिनं बाटली माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "सर, झालं." मी "बरं" म्हणालो. दोघांनाही आनंद करायची सवय नाही.

घरी आईनं विचारलं, "तानीच्या पोरीनं येवढं केलं तरी काय?"

मी सांगितलं की शरीरातल्या प्रत्येक पेशीला चरबीचं पातळ कातडं असतं. मिठाचे भारित कण, म्हणजे आयन, त्यातून जात नाहीत, त्यांच्यासाठी दारं असतात. तसलं दार आम्ही हातानं बनवतोय. ही साखळी चरबीत शिरली की टेलिफोनच्या वायरीसारखा पीळ घेते. असे चार-सहा पीळ खांद्याला खांदा लावून उभे राहिले, की मधे फुंकणीसारखं भोक उरतं. त्यातून आयन जातील. निदान जायला हवेत.

आई म्हणाली, "तीन वर्सं खपून फुंकणी केलासा. आता चूल कुठं हाय?"

तिला बोलण्यात हरवणं अवघड. चूल म्हणजे पुढचा प्रयोग, आणि त्यावरच अंजनाचं सगळं अवलंबून आहे. तिची फेलोशिप मार्चअखेर संपते. दोन वर्षांची मुदतवाढ बेंगळूरची समिती देते, ती माझ्या अहवालावर. ती मिळाली नाही तर प्रबंध अर्धवट राहील, आणि तिचं वय तिशीपार, दुसरी फेलोशिप मिळायची नाही. तिची आई तानीबाई आणि माझी आई निपाणीत एकाच तंबाखूच्या वखारीत, एकाच चाळणीला बसायच्या. मी प्राध्यापक झालो तशी आई सुटली. तानीबाई अजून बसते. गल्लीत अंजना मला अण्णा म्हणते, प्रयोगशाळेत सर. हा नियम माझा.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

मांडणी झाली. टेफ्लॉनचा अंगठ्याएवढा कप, त्याच्या भिंतीला सुईच्या टोकाएवढं छिद्र, दोन्ही बाजूंना मिठाचं पाणी. छिद्रावर चरबीचा पडदा ब्रशनं ओढायचा. पडद्यातून वीज जात नाही, म्हणून रेकॉर्डरचं पेन कागदावर सरळ रेघ ओढत राहतं. दार उघडलं तर पेन टुणकन वर जाईल आणि मिटलं तर खाली येईल. कागदावर पायरी दिसली पाहिजे. शेजारच्या लाकडाच्या अड्ड्यातली करवत नऊला सुरू होते आणि पेन थरथरायला लागतं, म्हणून आमचं काम सकाळी सहा ते नऊ.

चरबी अंड्याच्या बलकातून काढतो. अंडी आमचा शिपाई भरमू कंग्राळीहून आणतो. आज म्हणाला, "सर, चार डझन झाली, अजून आमलेटचा वास न्हाय." स्वतःच्याच विनोदावर हसला, खिडकीतून तंबाखूची पिंक टाकली आणि बलक वेगळे करायला बसला. हाताचा मोठा हलका आहे, एक बलक फुटू देत नाही.

कप मात्र मीच धुणार. साबण, क्रोमिक ॲसिड, मग पाणी, असं तीनदा. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. सहकारी हसतात, सिद्रामचं सोवळं म्हणतात. हसू देत. आमच्या माणसाच्या प्रयोगात डाग निघाला तर तो प्रयोगाचा राहत नाही, हे त्यांना कुठून कळणार?

बुधवार, १४ जानेवारी १९८७

संक्रांत. पडदा आजही फुटला. अर्धा तास सलग टिकल्याशिवाय तीन वर्षांची चिमूट मी त्यात घालू देणार नाही. अंजना ब्रश फार सुरेख चालवते, दोष चरबीचा असावा. आतापर्यंतच्या सगळ्या कोऱ्या चाचण्या, म्हणजे पूड न घालता केलेल्या, अगदी सरळ आहेत. पट्टीनं ओढाव्यात तशा.

भरमूनं तिळगूळ दिला. "गोड बोला सर, आजच्या दिवस तरी." अंजना तोंड फिरवून हसली. मी काही इतका कडू नाही.

सोमवार, ९ फेब्रुवारी

पायऱ्या!

अंजना रविवारी घरी गेलती, ती आज पहिल्या गाडीनं निपाणीहून थेट प्रयोगशाळेत आली. पिशवी कोपऱ्यात टाकली, हात धुतले, ॲप्रन चढवला आणि बसली. पडदा धरला. अर्धा तास झाला. मी मान हलवली, तिनं पूड पहिल्यांदाच घातली. दहा मिनिटं काही नाही. मग पेन उडालं. वर गेलं, थांबलं, खाली आलं. पुन्हा वर, तेवढ्याच उंचीवर. मग दुप्पट. ती टेबल घट्ट धरून मोजत होती, "एक, दोन, आता तिसरी बघा सर, आता तिसरी."

भरमू दारातून म्हणाला, "भूकंप हाय काय?"

बेचाळीस पायऱ्या झाल्या. नवाला करवत सुरू झाली आणि थांबलो. मी तिला शाबास म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "उद्या कोरी चाचणी." कप तीनदा धुतला. वाटेत माझ्याच मनाशी हसत होतो, हे मात्र इथे कबूल करतो.

मंगळवार, १० फेब्रुवारी

कोऱ्या चाचणीत पायऱ्या आल्या. पुडीचा कणही नाही, नुसती चरबी आणि मिठाचं पाणी, तरी पायऱ्या. म्हणजे कालच्याही खोट्या. कुठली तरी घाण पडद्याला भोकं पाडते आहे.

अडीच महिने चाचण्या सरळ होत्या. मग सोमवारी असं काय नवं घडलं? दिवसभर हेच घोळवतोय. ती थेट निपाणीहून आली होती. ॲप्रन घालताना तिच्या साडीला वास आला. तो वास मी झोपेतही ओळखेन.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

आज बोललो. दार लावून, हळू आवाजात.

"अंजना, वखारीची धूळ कपड्यांत राहते. डोळ्याला दिसत नाही, पण पडदा नासवायला पुरते."

ती म्हणाली, "सर, मी ॲप्रन घातलाता. कोपरापतोर हात धुतले."

"वास येत होता."

तिनं कपाकडे बोट दाखवलं. मग म्हणाली, "कपातच राहिलं असंल, सोमवारचं. तेलाची किटली साबणपाण्यानं किती बी धुवा, तेल जातंय व्हय?"

मला राग आला. कप मी धुतला होता, माझ्या हातानं. साखळीला चरबी आवडते हे खरं, पण क्रोमिक ॲसिडसमोर काय टिकतं?

"मग असं करूया," ती म्हणाली. "कपात चिमूटभर तंबाखू टाकूनच बघूया की. पायऱ्या आल्या तर माझी चूक."

"माझ्या कपात तंबाखू जाणार नाही." आवाज चढला तो बाहेर भरमूनंही ऐकला असणार.

शाळेत मला दाराशी बसवत. जात होतीच, वर अंगाला तंबाखूचा वास. मास्तरांना दोहोंपैकी एक कारण पुरेसं होतं, त्यांना दोन मिळाली. मॅट्रिकपर्यंत मी रोज दोनदा अंघोळ केली. हे अंजनाला सांगितलं नाही. जे बोललो ते तिच्या हिताचंच. बाहेरच्या कुणाच्या ध्यानात यायच्या आत आपल्या माणसानं सांगितलेलं बरं.

रविवार, १५ फेब्रुवारी

कप रोज धुतोय. परवा कोऱ्या चाचणीत चार पायऱ्या, काल एक. धूळ हळूहळू निघते आहे, म्हणजे माझं म्हणणं खरं ठरतंय. पूड पुन्हा घालून बघू, असं अंजना म्हणते. पण ती बाटलीही त्याच सोमवारी उघडली होती, तेव्हा तीही दूषित धरायला हवी. बाटली माझ्या कपाटात बंद केली.

आईला हे सांगितलं ते चुकलं. भाकरी थापता थापता थांबली. "मी बी वखारीतनं यायची आन् तशाच हातानं तुला भरवायची. तवा कुठं रं नासलास?"

"आई, हे विज्ञान आहे."

"असंल. पर तानीच्या कानावर घालू नगंस."

मी कशाला घालतोय?

शुक्रवार, ६ मार्च

अहवाल पाठवला. साखळीची जोडणी उत्तम, मोजमापं दूषित, कारण हाताळणीतली अस्वच्छता, पायऱ्यांना अर्थ नाही. 'अस्वच्छता' हा शब्द दोनदा खोडला आणि तिसऱ्यांदा राहू दिला. इतका कडक अहवाल मी कुणाचा लिहिला नसेल. आपल्या गल्लीतल्या पोरीला सूट दिली, असं आता कुणी म्हणू शकणार नाही. झोप लागेल असं वाटतं.

शनिवार, ४ एप्रिल

मुदतवाढ नाकारली. मला वाटलं होतं, ताकीद देऊन देतील.

अंजनानं भांडी पुसून कपाटात लावली, रसायनांवर तारखांच्या चिठ्ठ्या डकवल्या. साखळी तपासायच्या औषधानं तिच्या बोटांवर जांभळे डाग पडलेत, ते चोळत दारात उभी राहिली. खानापूर तालुक्यात, गुंजीच्या शाळेत नोकरी मिळाली म्हणाली. मग म्हणाली, "येते अण्णा." प्रयोगशाळेत पहिल्यांदाच अण्णा म्हणाली. मी नियमाची आठवण करून दिली नाही. दुसरं काही बोलायला मात्र हवं होतं.

बुधवार, १४ सप्टेंबर १९८८

दीड वर्षात या वहीत काहीच लिहिलं नव्हतं. लिहिण्यासारखं काही केलं नाही.

आज वाचनालयात परदेशी नियतकालिकाचा अंक आला, बोटीनं, नेहमीसारखा उशिरा. त्यात एका गटाचा लेख. ल्युसीन आणि सेरीन, एकवीस मणी, सातांचा तुकडा तीनदा. खाली आलेख, आणि आलेखात पायऱ्या. उंचीसुद्धा आमच्याच. उभ्यानं वाचला, मग बसून वाचला.

शेवटी बारीक टाइपात कृती दिली आहे. ही साखळी टेफ्लॉनला चिवट चिकटते. साबणानं किंवा आम्लानं निघत नाही. दर प्रयोगानंतर कप क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉलच्या मिश्रणात भिजवून काढावा, नाहीतर नंतरच्या कोऱ्या चाचणीतही पायऱ्या दिसतात.

कोऱ्या चाचणीतही. म्हणजे मंगळवारच्या पायऱ्या घाणीच्या नव्हत्या. कपाला चिकटलेली तिची साखळीच काम करत होती. माझ्या धुण्याला पुरून उरली होती. आणि ही गोष्ट तिनं मला दोन दिवसांनी तोंडावर सांगितली होती, तेलाच्या किटलीचं उदाहरण देऊन.

शुक्रवार, १६ सप्टेंबर

काल कप भिजवला. आज सकाळी भरमूकडे तंबाखू मागितली. "तुमी बी सुरू केलासा व्हय?" म्हणत त्यानं खिशातनं चंची काढली. चिमूट कुटून, पाण्यात घोळवून कपात घातली. पडदा धरला. अर्धा तास पेन सरळ चालत राहिलं, जरासुद्धा हललं नाही.

मग कपाटातली बाटली काढून अंजनाची पूड घातली. पायऱ्या आल्या. माझ्या पद्धतीनं तीनदा धुतला, कोरी चाचणी केली. पायऱ्या आल्या. क्लोरोफॉर्मनं धुतला, गेल्या. दोन तासांचं काम होतं. त्या दोन तासांपायी तिची साडेतीन वर्षं वाया गेली.

भरमू शेजारी उभा होता, गालात तंबाखू धरून. दहा वर्षं तो असाच माझ्या प्रयोगशाळेत वावरतोय, बलकही त्यानंच वेगळे केले. त्याच्या हातांचा वास मला एकदाही आला नाही. का आला नाही, ते मला आज कळतंय आणि लिहवत नाही.

शनिवार, १७ सप्टेंबर

सकाळच्या पॅसेंजरनं गुंजीला गेलो. शनिवारची अर्धी शाळा सुटली होती. अंजना व्हरांड्यात मुलांच्या वह्या तपासत होती. मला बघून उठली, खुर्ची दिली. मी लेख पुढे केला.

तिनं आधी आलेख पाहिला. बोट एका पायरीवर ठेवलं. "उंची तीच हाय." चेहरा असा उजळला की मला क्षणभर वाटलं, सगळं निभावलं. मग तिनं वर लेख कधी पाठवला ती तारीख पाहिली. बोटांवर महिने मोजले. "आपण सहा म्हयनं आधी होतो."

मी कपाचं सांगितलं, तंबाखूच्या चाचणीचं सांगितलं. माझी चूक झाली, असं म्हणालो. गाडीत पाठ केलेलं सगळं एका वाक्यात संपलं.

ती म्हणाली, "दुसऱ्या कुणी म्हणलं असतं तर मी भांडले असते, सर. पार बेंगळूरला जाऊन भांडले असते. तुमी म्हणलासा म्हणून खरं धरलं. त्या वासाची तुमच्यापरास जास्त माहिती कुणाला असणार?"

 खूप वाईट वाटतंय, असं म्हणालो. तिनं विचारलं, "बेंगळूरला लिवलासा?"

"लिहिणार आहे."

"आदी ते लिवायचं, मग हिकडं यायचं." रागावून नव्हे, एखाद्या पोराला उत्तराआधी गणित मांड म्हणावं तसं म्हणाली. मी परत कामाला ये म्हटलं. तिनं मान हलवली. वय गेलं, आणि आता हात ब्रशवर तसा ठरायचा नाही म्हणाली.

निघताना स्टेशनपर्यंत आली. गाडी यायच्या आधी म्हणाली, "एक काम करा. निपाणीला जावा, आईला भेटा. नकार आला त्या दिवशी मी चिडून तिला बोलले. तुझ्या तंबाखूनं माझं वाटोळं केलं, असं म्हणले. मागनं लई समजावलं, पर माझं ऐकत न्हाय. मी तिचं मन राखतोय असं तिला वाटतंय. तुमचं ऐकंल. तिच्या लेखी तुमी मोठं सायब."

सोमवार, १९ सप्टेंबर

बेंगळूरला पत्र गेलं. अस्वच्छता नव्हती, धुण्याची पद्धत चुकली, चूक सर्वस्वी माझी, पायऱ्या खऱ्या आणि त्या अंजनाच्या. पहिल्यांदाच काही न खोडता अहवाल लिहिला. उपयोग नाही, तरी गेलं.

रविवार, २५ सप्टेंबर, निपाणी

तानीबाई घरापुढे शेंगा फोडत बसली होती. मला पाहून लगबगीनं उठली. "सिद्राम? यल्लव्वा बरी हाय न्हवं?" वखार तिनं गेल्या वर्षी सोडली. अठ्ठावीस वर्षांची बसण्याची जागा. आता लोकांच्या रानात भांगलायला जाते, त्यात निम्मे दिवस काम नसतं. का सोडली, असं मी विचारलं नाही. शेजारणीनं न विचारता सांगितलं.

मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. कप, साखळी, पायऱ्या. तंबाखू टाकून पाहिली, काही झालं नाही, हे दोनदा सांगितलं. "मावशी, तुझा दोष नव्हता. धूळ नव्हतीच. मला कप धुता आला नाही."

ती हसली. "तुला? यल्लव्वाच्या लेकाला धुता आलं न्हाय?" चहा करून आणला. कपाला पदर गुंडाळून धरला होता. तो माझ्यापुढे ठेवला आणि दोन पावलं मागे सरून बसली.

"खरं सांगतोय," मी म्हणालो. "आईची शपथ."

"शपत नगं घालूस. तू ल्हानपणापास्नं गुणाचा. दुसऱ्याचं आपल्या अंगावर घेणारा."

मी लेख काढला. हे बघ, लांबच्या देशातल्या लोकांनीही असंच छापलंय, म्हणत तिच्याकडे सरकलो. ती आणखी मागे झाली. "नगं, नगं. त्यो अंजीच्या कामाचा कागद. माझा हात नगं लागाय."

मी रडलो. चाळिशीचा प्राध्यापक, तिच्या दारात, शेजारणीच्या देखत. तिनं मला गप केलं, पण लांबूनच, नुसत्या बोलण्यानं. लहानपणी आई वखारीत असताना हिनंच मला कडेवर घेऊन फिरवलेलं आहे.

संध्याकाळच्या गाडीपर्यंत मी तिला तेच तेच सांगत होतो. दर वेळी ती "व्हय लेकरा, व्हय" म्हणाली आणि हात पदराखालीच ठेवले.